पंप मी निवडला होता

रेडिएटरवर पुन्हा हात ठेवला. कोमटसुद्धा नाही.

ताई दुपारी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. बाळ दिवस भरायच्या आत झालेलं, एवढंसं. नर्सने बजावलं होतं, खोली बावीस अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि बाळाजवळ तारेचे हीटर लावायचे नाहीत. भिंतीवरच्या तापमापकावर आकडा होता सतरा.

आणि हा घर तापवणारा हीट पंप मी निवडला होता. गॅसचा बॉयलर मेला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. "तूच बघ. दिवसभर तेच व्हिडिओ बघतोस ना?" मीही चढलो हरभऱ्याच्या झाडावर. जमिनीतली उष्णता घेणारा पंप भारी असतो, पण त्याला अंगण खोदावं लागतं. आमचं अंगण म्हणजे दोन कुंड्या. एसीसारखा भिंतीवरचा पटकन तापवतो, पण बाळाच्या अंगावर वारा नको. म्हणून बाहेरच्या हवेवर चालून रेडिएटरचं पाणी तापवणारा घेतला. सावकाश तापतो, पण चोवीस तास एकसारखा.

"पोर लग्नाला आल्यावर तापेल बहुतेक," आई म्हणाली. मला हसू आलं नाही.

फिटरकाकांना फोन लावला. "काका, पंप छोटा पडला का? माझं चुकलं का?"

"काही छोटा नाहीये. खोल्या मी स्वतः मोजल्यात. बाहेर पंपाचा पंखा फिरतोय का ते बघ आधी."

मागच्या दारी गेलो. पंखा ढिम्म. शेजारचा स्विच बंद. मी तो चालू केला तर पाठीमागून बाबा.

"अरे हो, आज लावायचा राहिलाच."

"लावायचा म्हणजे? बंद कोणी केला?"

"मीच करतो की रोज झोपताना. सगळे आत झोपलेले, हे बाहेर एकटं घरघरतंय. पेटलं-बिटलं तर? सकाळी अंघोळ झाली की लावतो."

"बाबा, रोज?"

"ओरडू नकोस. दवाखान्यात जाताना पण करतो."

फोन चालूच होता. काका म्हणाले, "भिंतीच गार पडल्यात रे. खोली तापायचं आता उद्यावर गेलं."

घर केवढं, खिडक्या किती, सगळं मी बघितलं होतं. घरात बटणं बंद करत फिरणारा माणूस आहे, हे धरलंच नव्हतं. बाबांच्या घराला तो भिंतीवरचाच बरा होता, लावला की तापणारा.

ताईला फोन केला. ती बॅग भरून बसलेली.

"ताई, आज नको येऊस."

"का? काय झालं घरी? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. खोली गार आहे गं."

बाबांनी फोन ओढून घेतला. "त्याला बोलू नकोस. मी बंद करत होतो."

ताई डॉक्टरांना विचारायला गेली. आम्ही तिघं फोनभोवती उभे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"उद्या सकाळपर्यंत ठेवतात," ती फोनवर परत येऊन म्हणाली. "पुढे बेड नाही म्हणाले. होईल ना रे तोवर?"

"होईल," मी म्हणालो.

बाबांनीही मान हलवली. मग मागच्या दारी जाऊन स्विच चालूच आहे ना, ते बघून आले.