सासूबाईंचा उजवा हात

"आई, अंगठा जरा बाहेर. हां, आता हलू नका."

सासूबाई हलल्या नाहीत. सकाळी न्हाणीघरात पाय घसरून त्या उजव्या हातावर पडल्या होत्या. मनगट टम्म सुजलं होतं, तरी आधी जाऊन त्यांनी गॅस बंद केला आणि मगच मला हाक मारली. नवरा फिरतीवर होता, म्हणून मीच त्यांना माझ्या इस्पितळात, मी जिथे एक्स-रे काढते त्याच खोलीत घेऊन आले.

काचेच्या आड जाऊन मी बटण दाबलं. पडद्यावर हात उमटला. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती, ती मला अपेक्षितच होती. पण नजर अडकली अंगठ्याच्या मुळाशी. तिथला सांधा पार झिजून गेला होता, हाडाला हाड टेकलं होतं. असा अंगठा एका दिवसात होत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास माणसांची हाडं बघते मी. घरातला हा हात मात्र आजच बघत होते.

तेवढ्यात हेड सिस्टर आत आल्या. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो.

"या का सासूबाई? आजी, भाग्यवान आहात हो. आमची पराठेवाली तुमचेही असेच लाड करत असेल ना? मुळ्याचा पराठा खावा तर हिच्या हातचा. आठ वर्षं हिच्याच डब्यावर तग धरून आहोत आम्ही."

माझे कान तापले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "हो. हाताला चव आहे तिच्या."

डॉक्टरांनी पडदा बघितला. "मनगट जुळेल आजी. पण अंगठ्याचं दुखणं जुनं दिसतंय. पिळायचं, मळायचं, लाटायचं असं जोराचं काम असतं का घरी?"

"छे हो. सगळं सूनच करते. मी आपली बसून खाते."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते. 'नाही डॉक्टर, रोज पहाटे उठून त्याच करतात,' एवढंच बोलायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले. सिस्टर माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी शब्द गिळले.

आठ वर्षांपूर्वीही असंच एका शब्दाने झालं होतं. नोकरीचा पहिला आठवडा. जेवणाच्या खोलीत माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. मी डबा उघडला, सिस्टरनी एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "तू केलास?" मी म्हटलं, "हो." त्या दिवसापासून माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली जाऊ लागली. मग कोणी विचारायचं, पराठा फुटत नाही तो कसा? मी घरी जाऊन सासूबाईंना सहज विचारल्यासारखं करायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांचंच उत्तर माझं म्हणून सांगायची. सुनेला शिकायची हौस आहे, असं वाटून त्या बिचाऱ्या अगदी मनापासून सांगायच्या. वर म्हणायच्या, "मी आहे तोवर तू नको पहाटे उठूस. नोकरी करतेस."

हाताला प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. मी म्हटलं, "आई, ते पराठ्यांचं…"

"चहा टाक आधी," त्या म्हणाल्या. "आणि कप भरून नको देऊस. डाव्या हाताने सांडेल."

त्यापुढे त्यांनी तो विषय काढू दिला नाही. रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरात गेले. मुळे किसले, मीठ लावलं, पिळले. पहिला पराठा लाटतानाच फाटला आणि सारण पोळपाटाला चिकटलं. दुसऱ्याचीही तीच गत. पाठीमागे चाहूल लागली. सासूबाई प्लास्टरचा हात छातीशी धरून स्टुलावर येऊन बसल्या होत्या.

"पाणी राहिलंय त्यात. अजून पीळ."

"पिळलंय की आई."

"ते नुसतं दाबलंस. अंगठा रुतव मुठीत."

मी अंगठा रुतवून पिळलं. तेवढ्यानेच मनगटापर्यंत कळ गेली. पिळलेलं पाणी मोरीत ओतायला निघाले, तर म्हणाल्या, "टाकू नको. त्यातच पीठ मळायचं. आणि गोळा सारणाइतकाच मऊ हवा. एक घट्ट आणि एक सैल असलं की फुटणारच."

हे सगळं मी जेवणाच्या खोलीत कितीदा तरी तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. हाताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुपारी डबा उघडला. सहा पराठे, सहाही फाटके, मध्ये काळे डाग पडलेले.

"आज काय झालं गं?" सिस्टरनी विचारलं.

"आज मी केलेत," मी म्हटलं. "पहिल्यांदाच. आजवरचे सगळे सासूबाईंनी केलेले होते."

सिस्टरनी घेतलेला तुकडा हातातच राहिला. "म्हणजे काल त्यांच्या तोंडावर मी…" एवढं म्हणून त्या थांबल्या. मग तो तुकडा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि वॉर्डात निघून गेल्या. जाताना नेहमीसारखी पाठीवर थाप मारली नाही.

मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन त्यांची नोंद दुरुस्त करायला सांगितली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रोजचं काम आहे हे? मग काल का नाही बोललात?" त्यांनी कालची ओळ खोडली आणि वर नवी लिहिली.

संध्याकाळी सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात उशीवर. मी पायाशी बसले.

"आई, सांगून टाकलं मी सगळ्यांना."

"कशाला सांगितलंस? तुला रोज त्यांच्यातच बसायचंय."

"मला माफ करा."

त्या पदराचं टोक चाचपत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय म्हणायच्या गं त्या?"

"कोण?"

"तिथल्या बायका. खाताना."

आठ वर्षं डबा रोज रिकामा होऊन घरी येत होता, आणि त्याच्याबरोबर मी एक शब्दही आणला नव्हता. चांगलं झालं होतं, एवढंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार? ते सगळं मी माझ्याकडेच ठेवून घेतलं होतं.

मी सांगायला लागले. दिवस गेले होते तेव्हा एका नर्सला दुसरं काही पचत नव्हतं, ती माझ्या डब्याची वाट बघत बसायची. म्हातारा लिफ्टमन अर्धा खाऊन अर्धा बायकोसाठी कागदात बांधून न्यायचा. सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या, की हा घास खाल्ला की आई आठवते.

सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी सांगता सांगता थांबले, की उशीवरची प्लास्टरबाहेरची बोटं जराशी हलायची आणि त्या हळूच म्हणायच्या, "आणि?"