न दिसलेली सीमा

ब्रिटनच्या हद्दीतल्या बेलफास्टच्या प्रयोगशाळेतले आम्ही तिघे इंटर्न शनिवार-रविवार मॅलकीच्या गाडीने शेजारच्या आयर्लंड देशात निघालो होतो. माझा व्हिसा मात्र फक्त ब्रिटनचा होता. सीमेच्या चौकीवर विचारावे, नाही म्हणाले तर बसने परतावे, असे मी ठरवले होते. आमच्या घानात सीमा म्हणजे आडवा दांडा, शिपाई आणि दिवसभराची रांग. इथे नुसत्या मेंढ्या आणि धुके सरकत राहिले.

"मॅलकी, चौकी कधी येणार?"

"कसली चौकी, अडोमा? सीमा मघाच गेली. कडेची पांढरी रेघ पिवळी झाली ना, तिथंच."

"मग मला कुणी अडवलं का नाही?"

"अडवलं नाही म्हणून रुसलेली तू पहिलीच गं," मागून रेका म्हणाली.

मी गाडी थांबवायला लावली आणि उतरून मागे चालू लागले. मॅलकी हाका मारत होता. मैलभर गेल्यावर पिवळी रेघ संपली, पण पांढरी सुरू झाली नाही. तिथला रस्ता नुकताच डांबरलेला, कोराकरकरीत होता. गुन्हा घडला तो क्षण मला आठवत नव्हता, आणि किती पावलांनी तो पुसला जाईल हेही कळेना. म्हणून मी चालतच राहिले.