यादीत नसलेली मावशी

मित्रांनो, मी एक जुनी लसीची पेटी आहे. निळी, जाड भिंतींची, एका बिजागरीने लंगडी. बर्फाच्या लाद्यांमध्ये लस गार ठेवायची, एवढंच माझं काम. एकवीस वर्षं मी ल्युबिंका नर्सच्या खांद्यावरून मोरावा नदीकाठच्या शाळांत हिंडले. पूर्वी मास्तर मला खुर्ची द्यायचे. आता बुटांच्या कपाटाशेजारी टेकवतात.

यंदा शाळेच्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस फुकट होती. शाळेत कागद फिरला. जो सही करील त्याचं नाव यादीत. तो वर्गावर्गात नेला स्लावॉयका मावशीने. घंटा तिची, फरशी तिची, मास्तरांची कॉफीही तिचीच. सगळ्यांच्या सह्या तिने आणल्या. तिला मात्र कुणी सही कर म्हटलं नाही, आणि सांगितल्यावाचून काही करायची तिला सवय नव्हती.

तिच्या घरी लेकीचं दोन महिन्यांचं बाळ, दिवस भरायच्या आधीच आलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं. इतक्या तान्ह्याला ही लस देत नाहीत. घरच्यांनी घ्यायची असते. औषधांच्या दुकानांत तर ती संपलेलीच. म्हणून मावशी बाही वर करून रांगेत शेवटी उभी राहिली.

"तू कुठं निघालीस?" कारकून रादोमिर खेकसला. "यादीत नाहीस तू."

"यादी मीच फिरवली, साहेब."

"मग डोळे कुठं होते?"

भूगोलाचे दोब्रिवोये मास्तर हसले. "माझी घे गं. मी रोज पेलाभर राकिया दारू घेतो, फ्लू नुसत्या वासानेच पळतो."

"वरून आलेल्या आदेशात 'शाळेत काम करणारे सगळे' असं आहे," ल्युबिंका म्हणाली. "लिही तिचं नाव, रादोमिर."

"मुदत काल संपली. आणि ही ठेकेदाराची, आमची नव्हे." त्याने शाळेचा शिक्का खिशात टाकला. शिक्क्यावाचून आमच्याकडे सुईचं वेष्टणही फाडत नाहीत.

"तुझ्या तोंडावर शिंकायला हवं कुणीतरी, मेल्या!" ल्युबिंका तडकली.

तो मावशीनेच केलेली कॉफी पीत राहिला.

मास्तरांची उरलेली एक लस पोटात घेऊन मी निघाले. मावशीने बाही खाली केली आणि आमच्यासाठी दार उघडलं.

"जपून जा, पायरी ओली आहे, आत्ताच पुसलीय." मग हळूच म्हणाली, "ताई, आता बाळाला जवळ घेऊ की नको?"



मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर तिथेच ओरडले असते. तुमच्या शाळेत असा कागद घेऊन कुणी मावशी आली, तर सही करण्याआधी तिला एवढंच विचारा: तुमचं नाव लिहिलं का?