बंडीला लावलेली चेन

मी एक जुनी लोकरी बंडी आहे. पण मित्रांनो, मला अजून कुणी एकदाही घातलेलं नाही. आमच्या डोंगराळ देशाची राजधानी मासेरू, तिथल्या व्यापार खात्यातल्या काचेच्या कपाटात, सीलबंद प्लास्टिकच्या पिशवीत मी पडून आहे. बाहेरचं सगळं दिसतं, पण वारा म्हणून लागत नाही.

माझा जन्म तेयातेयानेंग गावचा. डोंगरातल्या शेळ्यांची लोकर, हातमागावरचं विणकाम. मला शिवलं गावातल्याच पुसेलेत्सोबाईंनी. तेव्हा एका बड्या देशाशी कपड्यांच्या कराराची बोलणी चालली होती. कारखान्याच्या मालाला कोटा होता, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पाठवायचा नाही, आणि तो मोठ्या कारखान्यांनीच भरून टाकलेला. हातानं केलेल्या पारंपरिक कपड्यांना मात्र मोकळी वाट मिळणार होती. त्यांचा नमुना म्हणजे मी! मी पास झाले तर गावातल्या बायकांना घरच्या घरी काम. नाहीतर पोरं मागे ठेवून सीमेपलीकडे लोकांची धुणीभांडी.

आमच्याकडे घोंगडी काय, बंडी काय, छातीशी मोठी पिन लावतात. पण पुसेलेत्सोबाई म्हणाल्या, "परक्या माणसाला पिनेची सवय कुठली? टोचली म्हणजे? पाहुण्याला टोचेल असं काही देतात का!" आणि त्यांनी मला छान चकचकीत चेन लावली.

बोलण्यांच्या टेबलावर पलीकडच्या साहेबानं मला गालाला लावलं. "वा, काय ऊब आहे!" मी फुगले. मग त्यानं चेन खाली-वर केली. खर्रर्र. खर्रर्र.

"ही तुमची परंपरा का हो?"

आमच्या बाजूनं न्ताते लेरेको बोलणी करत होते. (आमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं न्ताते म्हणतात, बाईला म्मे.) ते म्हणाले, "चेन आमची नाही साहेब, पाहुणचार आमचा."

सगळे खो खो हसले. आणि हसत हसतच साहेबानं लिहिलं, चेन आहे म्हणजे कारखान्याचा माल, कोट्यात धरा. दोघांच्या सह्या झाल्या, कराराचा पुरावा म्हणून मला पिशवीत कोंबलं, वर सील.

पुसेलेत्सोबाई धावत आल्या. "कात्री द्या न्ताते, आत्ता उसवते."

"म्मे, सील तुटलं की करार तुटला. पुढच्या बोलण्यांपर्यंत हिला हात नाही लावायचा."

"आणि तोवर माझी पोरं काय खातील? चेन?"

बाईंनी अंगावरच्या घोंगडीची पिन काढली, माझ्या पिशवीशेजारी ठेवली. "हिला सोडाल तेव्हा लावा." घोंगडी हातानं घट्ट धरून त्या निघाल्या, त्या थेट सीमेपलीकडे. पोरं आजीकडे राहिली.

पुढची बोलणी अजून झालेली नाहीत. पिन गंजत चाललीय. थंडीत डोंगरावर बर्फ पडतं, तेव्हा इथला शिपाई माझ्या कपाटाला पाठ लावून हात चोळत बसतो. मी इतकी उबदार, आणि मधे एक पिशवी.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन त्या टेबलाशी बसलंच, तर चेन ओढून बघू नका. आधी कपडा अंगात घाला, कुणाच्या हातचा आहे ते विचारा. आणि पिन टोचलीच, तर टोचू द्या.