ताईच्या हाताखालची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी चित्रपाटी आहे. खडूने लिहायची नव्हे. संगणकाला वायरीने जोडायची, काळी, सपाट, ताटाएवढी. माझ्यावर खास पेन फिरवलं की रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. माझ्यावर काहीच उमटत नाही. चित्र काढणारं माणूसही पडद्याकडे पाहतं, माझ्याकडे नाही. म्हणून जन्मभर चित्रांत राबूनही मी एकही चित्र पाहिलेलं नाही. मला दिसायची ती ताईची हनुवटी, आणि जे कळायचं ते पेनाच्या दाबावरून, नाहीतर माणसांच्या बोलण्यावरून.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यावर पेन टेकवून पाहिलं, मान डोलावली आणि मला खोक्यात निजवलं. खोकं उघडलं ते या घरात. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि आई, एवढीच माणसं. बहीणभाऊ मिळून निसर्गचित्रं करत. गोष्टींच्या पुस्तकांना, दिनदर्शिकांना ती लागत.

धाकटा संगणकात डोंगर उभे करायचा, झाडं लावायचा, सूर्य टांगायचा आणि यंत्राला म्हणायचा, आता याचं चित्र कर. यंत्र घुं घुं करत बसायचं आणि चित्र बाहेर टाकायचं. ते अगदी बिनचूक असायचं, आणि त्यात जीव नसायचा. लांबचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच स्वच्छ. सावल्या काजळासारख्या काळ्या. पानावर धुळीचा कण नाही.

"काय रे ठोंब्या, डोंगराला आत्ताच न्हाव्याकडून आणलंयस का?" ताई विचारायची.

"गणित बरोबर आहे त्याचं."

"गणित बरोबरच आहे. ऊन लागत नाहीये त्याला."

तिथून पुढचं काम तिचं. मूळ चित्राला ती कधी हात लावत नसे. त्यावर काचेसारखा एक पारदर्शक थर ठेवायची आणि त्यावर रंगवायची. मग त्यावर दुसरा, मग तिसरा. एका थरावर धुकं, एकावर धूळ, एकावर झाडांच्या कडेला अडकलेलं ऊन. धाकट्याने एकच झाड ठिकठिकाणी लावलेलं असायचं. ती एखाद्याची फांदी मोडायची, एखाद्याला वाऱ्याकडे वाकवायची, आणि ही जुळी पोरं आता आईला तरी ओळखू येतील, म्हणून हसायची. धुकं रंगवताना तिचं पेन इतकं हलकं व्हायचं, की मुंगी चालली तरी जास्त भार पडावा. तेव्हा ती हमखास गुणगुणायची,

दूरच्या डोंगराला, निळ्या धुक्याचा पदर
जवळ मी गेले तर, सरे मागे वाटभर.

प्रत्येक थराला ती नाव द्यायची. 'धुकं'. 'ठोंब्याची चूक'. 'ऊन, पण बेताने'. 'हे आईला आवडेल'. चित्र पाहून लोक वाहवा करत, की यंत्र आता काय सुंदर चित्रं काढतं! ताई नुसती हसायची. धाकटा मात्र चिडायचा.

मग ताई आजारी पडली. आधी खुर्चीत उशी आली, मग खुर्ची सुटली आणि मी तिच्या अंथरुणात, तिच्या मांडीवर आले. तिचा हात आता धुकं नसतानाही हलकाच पडायचा. शेवटचं चित्र एका दरीचं होतं. ते तिने सावकाश पुरं केलं, पेन माझ्यावर आडवं ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर तिने पेन उचललं नाही. काही दिवसांनी घरात खूप चपला आल्या, आणि नंतर सगळ्या गेल्या.

दुपारी आई आतल्या खोलीत पडलेली असताना धाकटा ते चित्र उघडायचा. एकेक करून ताईचे सगळे थर लपवायचा. खाली यंत्राचा तो कोरडा डोंगर उरायचा. मग एकेक थर पुन्हा दाखवायचा. धूळ यायची, ऊन यायचं, शेवटी धुकं यायचं. मला त्याचा चेहरा दिसायचा. दारात कुणी आपलं माणूस आलं की व्हावा, तसा तो व्हायचा.

एक दिवस आई म्हणाली, तिचं ते दरीचं चित्र मला भिंतीवर हवं आहे. छपाईवाल्याने फोनवर सांगितलं, सगळे थर एकत्र करून द्या, आमच्याकडे अशी फाइल उघडत नाही. धाकट्याने थर एकत्र केले. आता फक्त वेगळ्या नावाने जपून ठेवायचं होतं. पण प्रत्येक पायरीला सेव्ह कर, असं ताईने त्याला वर्षानुवर्षं बजावलं होतं; ते त्याच्या बोटांत मुरलं होतं. बोटं आपसूक चालली. त्याने त्याच नावावर सेव्ह केलं, फाइल सोबत घेतली, संगणक बंद केला आणि तो छपाईवाल्याकडे गेला. सुट्या थरांची दुसरी प्रत नव्हती. दोघं नेहमी एकाच फाइलवर काम करत.

दुसऱ्या दुपारी त्याने चित्र उघडलं. थर एकच होता. नावं गेली होती. मग त्याने मला जवळ ओढलं, पेन उलटं धरलं, त्याच्या मागच्या टोकाने खोडता येतं, आणि धुकं खोडून पाहू लागला. त्याच्या हाताचा दाब असा, की मला वाटलं मी तडकेन. पण खोडलेल्या धुक्याखाली डोंगर नव्हता. तिथे पांढरं भोक पडलं होतं.

चौकट घरी आली तेव्हा चित्र जसंच्या तसं होतं. आईने ते डोळे भरून पाहिलं, आणि मग मुलाकडे पाहिलं.

"तू का रडतोस?"

त्याने सांगितलं. थर म्हणजे काय, ते लपवले की काय व्हायचं, दाखवले की काय व्हायचं, आणि तो रोज काय करत होता, ते सगळं.

"पण चित्र तेच आहे ना?"

"तेच आहे गं. पण यातलं यंत्राचं कुठलं आणि ताईचं कुठलं, ते आता वेगळं दाखवता येणार नाही."

आई पदराने चौकटीची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

"रोज बघायचास?"

"रोज."

"मी आतच तर असायचे रे," आई म्हणाली. "एकदा मलाही बोलवायचंस."

त्याने चौकट तिच्या हातून घेतली आणि भिंतीवर लावली.

आता धाकटा दुसरीकडे कामाला जातो. मी कपाटावर असते. आई धूळ पुसायला येते, फडकं बाजूला ठेवते आणि माझ्यावर तळवा फिरवते, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. या घरात माझ्याकडे पाहणारं ते पहिलंच माणूस. पण माझी घडणच अशी, की मला फक्त पेन कळतं. हात कळत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. आपल्या माणसाच्या हातचं काम असेल, तर काहीही करण्याआधी त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवा. आणि ते उघडून पाहावंसं वाटलं, की एकट्याने पाहू नका. आतल्या खोलीत कुणी पडलेलं असेल, त्याला हाक मारा. त्याला खुर्ची द्या. मग एकेक थर उघडा, सावकाश.