रेडिओकाकांचा फुकट महिना

रेडिओकाकांच्या पायांत तसा काही दोष नव्हता. हाडं शाबूत होती, गुडघे वयाच्या मानाने बरेच म्हणायचे. पण दोन वर्षांपूर्वी कंपवात मागे लागला आणि पाय मधूनच संपावर जायला लागले. सपाट खोलीत ठीक चालायचे, पण दाराची चौकट समोर आली की पावलं जमिनीला खिळायची. डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे बघू. स्वतःच्याच बेडरूमच्या दारात ते पाच-पाच मिनिटं उभे राहायचे, आणि बाहेरून बायको विचारायची, "अहो, येताय का जाताय?"

काकांनी एक्केचाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. टीव्हीही केले, टेपरेकॉर्डरही केले, पण दुकानाच्या पाटीवर रेडिओ होता म्हणून सगळा रस्ता त्यांना रेडिओकाकाच म्हणायचा. आपल्या आजाराचं निदानही त्यांनी दुकानातल्यासारखंच केलं. "आतला माल चांगला आहे," ते म्हणायचे, "कुठेतरी तारेचा टाका सुटलाय. सिग्नल पायापर्यंत पोचत नाही."

दर गुरुवारी ते हॉस्पिटलच्या तळमजल्यावर व्यायामाला जायचे. तिथली डॉक्टर मुलगी त्यांच्या लेकीपेक्षाही लहान. एकदा काका हॉलच्या दारातच अडकले. मागे चार जण खोळंबले. त्या मुलीने हात धरला नाही, ओढलं नाही. खिशातून फोन काढला आणि एक जुनं, ठसठशीत ठेक्याचं गाणं लावलं.

"काका, दाराकडे बघू नका. ठेक्यावर पाऊल टाका."

तिसऱ्या ठोक्याला काकांचा उजवा पाय उचलला गेला. चौथ्याला डावा. चौकट कधी मागे पडली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. हॉलच्या पार टोकाला, आरशासमोर पोचल्यावर ते थांबले आणि स्वतःकडे बघत राहिले.

"सुटलेल्या टाक्याला वळसा घालून तार जोडलीस की तू," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी फोनवर गाण्यांचं ॲप घेतलं. अर्थातच फुकटचं. मिनिटाला साधारण शंभर ठोके पडणारी चौदा गाणी शोधून काढली. फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि चालायचं. कानात काही घालायचं नाही, रस्त्यावरचं ऐकू आलं पाहिजे, असं डॉक्टर मुलीने बजावलं होतं. आठ दिवसांत काका कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्र आणायला लागले. बायकोच्या जिवात जीव आला.

नवव्या दिवशी दोघं रस्ता ओलांडत होती. गाणं रंगात आलं होतं, काका अर्ध्या रस्त्यावर होते, आणि गाणं मध्येच तुटलं. एक बाई मधात घोळलेल्या आवाजात विचारू लागली, तुमची पाठ रोज सकाळी दुखते का? गादीची जाहिरात होती. काकांचे पाय जागच्या जागी थिजले. बसवाल्याने ब्रेक दाबला. बायको दंडाला धरून ओढत होती, पण काका खांबासारखे उभे. ती बाई गादीचे थर समजावून सांगत होती, पहिला थर, दुसरा थर. बसमधले लोक खिडकीतून बघत होते. बसवाला भला माणूस, त्याने हॉर्न वाजवला नाही. पाच थर झाले, गाणं परत सुरू झालं, तेव्हा कुठे काका हलले.

फुटपाथवर आल्यावरही बायकोने त्यांचा दंड सोडला नाही. "आणि म्हणे गादी," एवढंच ती बोलली.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिला संध्याकाळी फोनवर हे कळलं. "बाबा, महिन्याचे पैसे भरले की जाहिराती बंद होतात. दोन वेळच्या जेवणाएवढीसुद्धा रक्कम नाही. मी भरू का?"

"प्रश्न रकमेचा नाही," काका म्हणाले. "गाण्याला पैसे द्यायचे? तेही दर महिन्याला, जन्मभर? आणि थांबवले की हातात काय? टेप विकत घेतली तर ती माझी असते. हे म्हणजे स्वतःच्याच घरात भाड्याने राहायचं."

"बाबा, रस्त्यात उभे राहिलात तुम्ही."

"मी बघतो काय करायचं ते."

माणूस कारागीर. दुसऱ्याने दिलेलं उत्तर त्याला कसं पटणार? दुसऱ्या दिवशी काकांनी कपाटातल्या जुन्या टेप काढल्या, त्यांवरची गाणी फोनमध्ये भरून घ्यायची म्हणून. पण टेप वर्षानुवर्षं पडून ताणल्या गेल्या होत्या. गाणं सुरुवातीला बरं चालायचं आणि कडव्यापर्यंत दमून जायचं. त्याच्यासोबत काकाही दमायचे, पावलं लहान होत जायची. मग त्यांनी जुन्या सुट्या भागांतून एक डबी बनवली. साबणाच्या वडीएवढी, बटण दाबलं की टक, टक, टक. थरथरत्या हाताने टाके घालायला तीन दिवस लागले, पण डबी चालली. जाहिरात नाही, भाडं नाही, आणि वर स्वतःच्या हातची. काका दिवसभर खूश होते.

डबीवर पाय उचलले जायचे, यात शंका नाही. पण आठवडाभरात काकांच्याच लक्षात आलं की आपण चालायला जाण्याची टाळाटाळ करतोय. आज ऊन आहे, आज वारा आहे. गाणं असताना दुसरी फेरी मारावीशी वाटायची. डबीपुढे पहिलीच कशीबशी उरकायची. आणि बायकोने तर हात टेकले.

"तुमच्यामागून चालताना मला शिक्षा झाल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "काल भाजीवालीने विचारलं, काकांच्या खिशात काय वाजतंय, फुटणार तर नाही ना?"

"अगं, पण फुकट आहे. रेडिओला कधी पैसे पडले होते का आपल्याला?"

बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. तीस वर्षं ती पोस्टात खिडकीवर बसली होती आणि कुठला कागद कुणी कधी भरला हे विसरण्याची तिला सवय नव्हती.

"पडले होते की," ती म्हणाली. "रेडिओचं लायसन असायचं. दर वर्षी भरायला लागायचं. माझ्याच खिडकीवर."

तिने पुढची जुडी उचलली.

"आणि तुम्ही तर दुकानाचं लायसन भरायला एका वर्षात चार वेळा आला होतात. पहिल्यांदा भरलंत, दुसऱ्यांदा पावती हरवली म्हणालात, तिसऱ्यांदा पावतीवरचं नाव चुकलंय म्हणालात. नाव मी स्वतः लिहिलं होतं, बरोबर होतं."

"चौथ्यांदा काय म्हणालो?"

"चौथ्यांदा काहीच बोलला नाहीत. नुसते उभे राहिलात. तेव्हा तर कंपवातही नव्हता."

काकांना हसू आवरेना. हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. इतकी वर्षं ते जगाला सांगत आले होते की रेडिओ म्हणजे आकाशातून आलेली फुकट वस्तू, आणि त्याच फुकट वस्तूची पावती घेता घेता त्यांचं लग्न जमलं होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पहिला महिना फुकट देतात म्हणे. महिनाभर तपासून बघतो. माल खरा निघाला तर ठेवू."

लेकीने लांबूनच सगळं जोडून दिलं. काकांनी एक वही घेतली आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या सेटची नोंद करायचे तशी रोजची नोंद सुरू केली. काय चाललं, काय बिघडलं, दोन्ही. जाहिरात एकदाही आली नाही, हे पहिल्याच आठवड्यात लिहून झालं. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवता येतात, त्यामुळे लिफ्टमध्येसुद्धा आवाज तुटत नाही, हेही चांगलं. पण अकराव्या दिवशी चौदातलं एक गाणं नाहीसं झालं. काल होतं, आज नावापुढे करडी रेघ. लेकीला विचारलं, तर म्हणाली, कंपनीचा आणि गाण्याच्या मालकांचा करार संपला असेल. काकांनी वहीत लिहिलं: 'माल न सांगता उचलून नेतात.' त्याखाली दोन रेघा मारल्या. आवाज कपाटातल्या मोठ्या रेडिओइतका भरदार नाही, हेही लिहिलं, पण तो दोष खिशातल्या फोनचा, हे प्रामाणिकपणे पुढे जोडलं.

आणि एक गोष्ट त्यांना सारखी खटकत होती. ॲपवाले सांगत होते, आमच्याकडे कोट्यवधी गाणी आहेत.

"मला लागतात चौदा," काका बायकोला म्हणाले. "आता तेराच. एवढ्या मोठ्या गोदामाचं भाडं मी का भरू?"

बायकोने तो प्रश्नही वहीत लिहून ठेवला.

तिसऱ्या गुरुवारी हॉस्पिटलमध्ये एक नवे गृहस्थ आले. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले, चांगले आडदांड, पण आजार तोच. तरुणपणी दुसऱ्या देशातून आलेले, इथली भाषा कामापुरती यायची. ते लिफ्टच्या दारात अडकले. त्यांची बायको शेजारी पर्स छातीशी धरून उभी. डॉक्टर मुलीने आपलं नेहमीचं गाणं लावलं. क्रेनवाले हलले नाहीत. दुसरं लावलं. तेही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लाज पसरायला लागली, आणि ती लाज काका चांगली ओळखत होते. बसच्या खिडक्यांतून बघणारे चेहरे त्यांना आठवले.

काका आपल्या गाण्यावर पावलं टाकत त्यांच्याजवळ गेले.

"लहानपणी घरी कुठलं गाणं लावायचे?" त्यांनी विचारलं.

क्रेनवाल्यांना प्रश्न नीट कळला नाही. त्यांच्या बायकोला कळला. तिने नवऱ्याला त्यांच्या भाषेत विचारलं. ते काहीतरी पुटपुटले. बायको म्हणाली, "यांच्या आईच्या गावचं आहे, कोळी लोक जाळी ओढताना म्हणतात ते. ते कुठे मिळणार."

काकांनी फोन तिच्या हातात दिला. "नाव टाका."

तिने तिच्या लिपीत नाव टाकलं. आठ-दहा आवृत्त्या समोर आल्या. काकांनी एकेक थोडी ऐकली, बोटाने भिंतीवर ठोके मोजले, आणि पाचवी निवडली. पुरुषांचा घोळका गात होता, मागे ढोलासारखं काही, एकेक ठोका असा की जणू कुणी दोर ओढतोय.

क्रेनवाल्यांनी मान वर केली. ओठ आधी हलले, मग खांदे. मग ते लिफ्टमधून बाहेर पडले आणि अख्खा हॉल चालत गेले, गात गात, आवाज काही खास नव्हता. आरशापाशी पोचून वळताना पाऊल जरा अडखळलं, पण ठोका आला आणि ते परत निघाले. त्यांची बायको पर्स तशीच धरून मागे मागे चालत होती आणि रडत होती. डॉक्टर मुलगी वहीत काहीतरी लिहिण्याचं निमित्त करून दुसरीकडे बघत होती.

त्या दिवसापासून गुरुवारी काकांना काम लागलं. एक बाई शाळेत घंटा वाजवायची, तिला बँडची गाणी चालायची. एका शिंप्याला भजनाशिवाय दुसरं काही नको होतं, आणि तेही ठरावीक बुवांचंच. प्रत्येकाला विचारायचं, शोधायचं, ठोके मोजायचे, यादी करून द्यायची. चौदा गाण्यांपलीकडचं ते गोदाम कशाला असतं, ते काकांना आता कळलं होतं. वहीतला दोन रेघांचा शेरा मात्र त्यांनी खोडला नाही. दोष तो दोषच.

महिना संपला त्या सकाळी लेकीचा फोन आला. "काय ठरलं, बाबा? बंद करू का चालू ठेवू?"

"चालू ठेव. पण पैसे माझ्या खात्यातून जाऊ देत. आणि त्यांना कळव की नेलेलं गाणं परत आणा."

"कुणाला कळवू, बाबा? तिथे माणूस नसतो."

"नसू दे. तू कळव."

तो फोन ठेवतात तोच दुसरा आला. क्रेनवाल्यांची बायको होती. नवरा आता घरभर फिरतो, म्हणाली, बागेतही जातो, सगळं छान आहे. पण तेच एक गाणं दिवसातून चाळीस वेळा ऐकून तिचं डोकं भणभणायला लागलंय, तेव्हा त्याच ठेक्याचं दुसरं काही मिळेल का?

"मिळेल," काका म्हणाले. "जरा वेळ द्या."

ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि शोधायला लागले. बायको चहाचे दोन कप घेऊन आली आणि शेजारी बसली. नावांतलं एक अक्षर दोघांनाही वाचता येत नव्हतं. एक गाणं फार संथ निघालं, एक भलतंच धावतं. तिसऱ्याला काकांनी फोन तिच्याकडे सरकवला आणि घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवली.

"तू मोज," ते म्हणाले. "माझं बोट आज हलतंय."

बायकोने कप खाली ठेवला आणि टेबलावर बोटाने ठेका धरून मोजायला सुरुवात केली.