गार पाय

धाकटा दीर भिंत धरत धरत माझ्या तपासणीच्या खोलीत आला, तेव्हा मला आधी रागच आला. आठवडाभर पायांना मुंग्या येतायत आणि हा पठ्ठ्या घरात कोणाला एका शब्दाने बोलला नाही. आज सकाळी ट्रकचा ब्रेक दाबला गेलाय की नाही हेच कळेना, तेव्हा कुठे स्वारीने मला फोन केला. नसांची तपासणी करणारी वहिनी घरात असून उपयोग काय, सांगा.

पलंगावर आडवा केला तशी त्याची टकळी सुरू झाली. नवे बूट चावले असतील. मागे जुलाब झाले होते, त्याचा अशक्तपणा असेल. म्हातारपण जरा घाईने आलं असेल. मी नुसतं हं हं करत होते, पण जुलाबाचं ऐकलं आणि भराभर त्याच्या पायांना तारांच्या पट्ट्या चिकटवायला घेतल्या. पोट बिघडतं, बरं होतं, आणि मग शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, असे पेशंट याच पलंगावर झोपून गेलेत. आजार पायांतून वर चढतो. हातात येतो, मग छातीत. छातीत आला की श्वास मशीनने द्यावा लागतो, आणि त्यातले सगळेच घरी जात नाहीत.

घोट्यापाशी नसेला विजेचा हलका शॉक दिला. वहिनी कसला सूड उगवतेय, असं त्याने छताला विचारलं. पडद्यावरची रेघ उशिरा उठली. गुडघ्यामागे दिला, तर आणखी उशिरा, आणि तीही मरतुकडी. आतली तार शाबूत असली तरी तिच्यावरचं मायलिनचं आवरण गेलं की निरोप असाच रखडतो.

पट्टी नीट करायला पाऊल हातात घेतलं, तर थंडगार! माझा जीव भांड्यात पडला. पाय गार असला की चांगली नससुद्धा हळू चालते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि मी बावळट, घाईत तापमान बघायचंच विसरले होते. स्वतःला शिव्या देताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. शेकायची पिशवी आणली, पाय गुंडाळले, हातांनी चोळले. तो म्हणाला, लग्नातसुद्धा माझे एवढे लाड झाले नव्हते. मी हसले. देवा, नुसते गार असू देत, एवढंच मनात चाललं होतं.

पाय छान उबदार झाले. पुन्हा शॉक दिला. रेघ तेवढ्याच उशिरा उठली.

आता टेपने अंतर मोजायचं होतं. अंतराला वेळेने भागलं की नसेचा वेग निघतो. मी टेप पोटरीवर टेकवली आणि बघते तर ती सैल सोडलेली. अंतर जास्त भरलं असतं, आकडा बरा दिसला असता. अगं बाई, कोणाला फसवतेयस? टेप ताणली, खरं अंतर घातलं. मग हात तपासले. हातांतही तेच.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांना फोन लावून आकडे सांगितले. ते म्हणाले, आवरणच चाललंय, आत्ताच भरती करू. औषध आहे, आवरण पुन्हा येतं. मी निघालोच, तोवर श्वासाकडे लक्ष ठेवा.

फोन ठेवला. दीर माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वहिनी, आईला... एवढ्यात सांगू नको. ती उगाच... रडत बसेल."

गळा दाटून आला असता तर समजले असते. पण त्याचे डोळे कोरडे होते. वाक्य पुरं व्हायच्या आतच त्याचा श्वास संपत होता. हे कधीपासून चाललं होतं कोण जाणे. तो इतका वेळ बोलत होता आणि मी नुसते पाय बघत बसले होते.

मी पलंगाची उशाकडची बाजू वर केली, तातडीची घंटा दाबली आणि त्याचा हात धरला.

"बोलत राहा," मी म्हटलं.

"काय... बोलू?"

"काहीही. थांबू नकोस."

तो ट्रकबद्दल सांगायला लागला, मी एका श्वासात किती शब्द येतात ते मोजू लागले. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. मग एकच शब्द. बाहेर स्ट्रेचरची चाकं अजून वाजत नव्हती.